चामडं कोणाचं? बूट, पाकीट, ग्लोव्हज आणि तबल्यातला प्राणी ओळखायची रीत

‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का असलेल्या एकाच बुटात तीन प्राणी असू शकतात. वरच्या भागाला गाय किंवा म्हैस, आतल्या अस्तराला डुक्कर आणि काठाच्या पट्टीला बोकड किंवा मेंढी. शिक्का खोटा नसतो. माल प्लास्टिकचा नाही एवढंच तो सांगतो, कोणाचं कातडं ते सांगत नाही. डुक्कर न चालणारे, गाय न चालणारे आणि कुठलंच कातडं नको असणारे, या सगळ्यांची फसगत एकाच कारणाने होते. वस्तू बाहेरून बघून घेतली जाते आणि नको असलेलं चामडं आत असतं.

ज्यांनी आजवर चामड्याकडे या नजरेने पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी ही माहिती क्रमाने दिली आहे. खर्च एका भिंगाचा. बाकी लागतो थोडा धीर.

पायरी १ : आपल्याला नेमकं काय टाळायचंय ते ठरवा

हे आधी ठरवलं नाही तर पुढची तपासणी भरकटते. फक्त डुक्कर टाळायचं असेल तर काम सोपं आहे, कारण डुकराचं कातडं नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं. गाय टाळून म्हैस चालणार असेल तर काम सगळ्यात अवघड आहे. तिथे भिंगापेक्षा विक्रेत्याच्या लेखी उत्तरावर जास्त भिस्त ठेवावी लागते. कुठलंच कातडं नको असेल तर प्राणी ओळखायची गरजच नाही, फक्त कातडं की कृत्रिम एवढंच बघायचं. आणि वन्यप्राण्याचं कातडं असल्याची शंका असेल तर तो आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही, तो कायद्याचा होतो. त्याबद्दल पायरी ६ मध्ये.

पायरी २ : लपलेल्या जागा शोधा

पट्टा, पर्स, जॅकेट इथे चामडं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. राहून जातात त्या या जागा.

बुटाचं अस्तर. बाहेरून कापडी किंवा रेक्झिनचा वाटणाऱ्या बुटातही टाचेच्या आतल्या बाजूला डुकराचं मऊ, किंचित खरबरीत चामडं असू शकतं. ते स्वस्त पडतं, हवा खेळती ठेवतं आणि घासून लवकर फाटत नाही, म्हणून उत्पादकांना आवडतं. चीनमध्ये डुकराचं कातडं मोठ्या प्रमाणावर कमावलं जातं, त्यामुळे तिथून येणाऱ्या बुटांत, हातमोज्यांत आणि बॅगांच्या आतल्या कप्प्यांत ते वारंवार आढळतं.

क्रिकेटचं किट. चेंडू गाय-बैलाच्या, तुरटीने कमावलेल्या चामड्याचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बॅटिंग ग्लोव्हजचा तळवा बऱ्याचदा मेंढीच्या चामड्याचा असतो, आणि यष्टिरक्षक आत घालतो ते ‘शॅमॉय’ इनरही मेंढीचेच. शॅमॉय हा युरोपातला डोंगरी बोकडासारखा प्राणी. त्याचं नाव टिकलं, कातडं मात्र आता मेंढीच्या आतल्या थराचं, माशाच्या तेलात कमावलेलं असतं. गाडी पुसायला प्लास्टिकच्या नळकांड्यात मिळणारं पिवळं ‘शॅमॉय’ मात्र बहुधा पीव्हीए नावाचं कृत्रिम द्रव्य असतं. वाळल्यावर पुठ्ठ्यासारखं कडक झालं आणि ओलं करताच मऊ पडलं तर ते पीव्हीए. खरं शॅमॉय वाळल्यावर थोडं ताठरतं, पण हाताने चोळलं की मोकळं होतं.

बॅडमिंटनचं फूल. १६ पिसं बदकाची किंवा हंसाची असतात हे दिसतंच. बुचावरचं पांढरं आवरण कधी पातळ कातड्याचं असतं, कधी पीयू नावाच्या कृत्रिम द्रव्याचं. गोल्फच्या हातमोज्यावर ‘कॅब्रेटा’ लिहिलेलं असतं; ती लोकरीऐवजी केस असणारी मेंढी.

वाद्यं. तबल्याची पुडी बोकडाच्या कातड्याची. पुडी ताणून धरणारी वादी मात्र बहुधा जाड, म्हणजे मोठ्या जनावराच्या कातड्याची. पुडी बदलताना दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. हार्मोनियममध्ये कातडं आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भात्याचे सांधे आणि आतल्या झडपा हवाबंद राहाव्यात म्हणून तिथे पातळ, मऊ चामडं लावतात. ढोल-ताशा पथकांत आता प्लास्टिकची पानं रुळली आहेत, तिथे हा प्रश्न सुटला आहे.

आणि वॉशर. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाच्या दांड्याला जी काळी वाटी असते ती चामड्याची. वाळून आक्रसली की हवा भरत नाही. तेलाचे दोन थेंब सोडून कड बोटाने बाहेर उघडली की पुन्हा चालते. हेच तत्त्व गावोगावच्या हापशांत होतं. इंडिया मार्क २ हा हातपंप सोलापुरात तयार झालेल्या पंपावरून घडवला गेला आणि त्याच्या सिलिंडरमध्ये चामड्याच्या वाट्या असत. पुढच्या आवृत्तीत नायट्राइल रबर आलं. अशा वॉशरचा प्राणी ओळखायच्या भानगडीत पडू नका. ते जाड चामड्याच्या उरलेल्या तुकड्यांतून कापतात, त्यामुळे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. नको असेल तर रबरी किंवा नायट्राइलचा मागा.

पायरी ३ : लेबल वाचा, पण त्यावर थांबू नका

युरोपात विकायच्या पादत्राणांवर चार छोट्या चित्रांतून साहित्य दाखवावं लागतं. हा नियम १९९४ चा आहे. ताणलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकाराच्या मधोमध पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरपा चौकोन असेल तर लेप दिलेलं चामडं. जाळी म्हणजे कापड. नुसता तसा चौकोन म्हणजे इतर साहित्य, बहुधा प्लास्टिक किंवा रबर. वरचा भाग, अस्तर आणि तळ अशा तीन भागांसाठी वेगळी चित्रं असतात, आणि आपल्या कामाचं चित्र मधलं. निर्यातीच्या मालातून इथल्या बाजारात आलेल्या बुटांवर ही चित्रं जिभेच्या मागे किंवा तळाला सापडतात.

यात दोन पळवाटा आहेत. एक, प्राण्याचं नाव लिहिणं बंधनकारक नाही. दोन, एखाद्या भागाचा किमान ८० टक्के हिस्सा ज्या साहित्याचा, तेच दाखवायचं असतं. म्हणजे अस्तराला जाळीचं चित्र असूनही टाचेजवळ डुकराच्या चामड्याची छोटी पट्टी असू शकते, आणि तरीही लेबल नियमात बसतं.

शब्दांच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवा. ‘नप्पा’, ‘स्वेड’, ‘नुबक’, ‘पेटंट’, ‘फुल ग्रेन’, ‘टॉप ग्रेन’ हे शब्द चामड्यावर काय प्रक्रिया केली किंवा कोणता थर वापरला ते सांगतात, प्राणी सांगत नाहीत. स्वेड डुकराचं, बोकडाचं, गायीचं, कोणाचंही असू शकतं. ‘क्रोको’, ‘पायथन प्रिंट’, ‘ॲलिगेटर ग्रेन’ हे बहुधा गायीच्या किंवा वासराच्या चामड्यावर उठवलेले छाप असतात. ‘काफ’ म्हणजे वासरू, ‘किड’ म्हणजे करडू, ‘पेकरी’ म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं रानडुकरासारखं जनावर, ‘कार्पिंचो’ म्हणजे तिथलाच कॅपीबारा, उंदराच्या वर्गातला मोठा प्राणी. शेवटचे दोन महागड्या हातमोज्यांवर दिसतात. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे चामड्याचा भुगा चिकटद्रव्यात थापून केलेला ताव; त्यात किती जनावरं मिसळली आहेत ते कोणीच सांगू शकत नाही.

पायरी ४ : भिंगाने छिद्रं बघा

सगळा जोर इथे लावा. जडजवाहिराच्या किंवा घड्याळांच्या सामानाच्या दुकानात १० पट मोठं दाखवणारं भिंग मिळतं, तेवढं पुरतं. सोबत मोबाइलचा टॉर्च.

आतला सोल निघत असेल तर काढा. जागा कोरड्या कापडाने पुसा, पॉलिशचा थर असेल तर तो घालवा. टॉर्च सरळ वरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवा धरा, म्हणजे छिद्रांच्या सावल्या पडतात. अंगठ्याने चामडं हलकं ताणा. एक सेंटिमीटर चौरसाकडे निवांत बघा आणि मग किमान तीन ठिकाणी हेच करा, कारण पाठीवरच्या आणि पोटाकडच्या कातड्यात फरक असतो. पोटाच्या बाजूला छिद्रं ताणली जातात आणि मांडणी विस्कटते. एकाच जागेवरून निष्कर्ष काढणारे इथेच चुकतात.

डुक्कर : छिद्रं तीन-तीनच्या घोळक्यात, त्रिकोणात. एक त्रिकोण, मग बरीच मोकळी जागा, मग दुसरा त्रिकोण. डुकराच्या केसांची मुळं कातडीच्या आरपार खालच्या चरबीपर्यंत जातात, म्हणून कातडं खालून तासलं की ही छिद्रं मागूनही उघडी पडतात. अस्तराचा सुटा काठ उजेडासमोर धरला तर टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसतात. स्वेड करून वरची बाजू घासून टाकली तरी आरपार छिद्रं जात नाहीत, ही सगळ्यात भरवशाची खूण. पेकरीच्या चामड्यातही तीन छिद्रांचे पुंजके असतात.

मात्र कृत्रिम अस्तरावरही हाच त्रिकोणांचा छाप मारतात, कारण तो ‘खऱ्या चामड्यासारखा’ दिसतो. अशा अस्तरात त्रिकोणांची दिशा आणि अंतर एकसारखं असतं, थोड्या अंतराने तीच नक्षी पुन्हा येते, आणि मागे विणलेलं किंवा नमद्यासारखं कापड दिसतं. खऱ्या कातड्यात दोन त्रिकोण हुबेहूब सारखे नसतात.

गाय आणि वासरू : बारीक, गोल छिद्रं, एकेकटी, सगळीकडे साधारण सारख्या अंतरावर. घोळका नाही, रांग नाही. वासराची जास्त बारीक आणि दाट.

म्हैस : छिद्रं मोठी आणि विरळ, पृष्ठभाग खडबडीत, सुरकुत्या ठळक. म्हशीच्या अंगावर केस कमी असतात त्याचाच हा परिणाम. पण बाजारातलं बरंचसं म्हशीचं चामडं वरून घासून, रंगाचा थर देऊन, गायीच्या चामड्यासारखा छाप मारून येतं. मग छिद्रंच उरत नाहीत. अशा मालाबद्दल भिंग हातात घेऊन ‘ही गाय नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बोकड : मोठी छिद्रं छोट्या कमानीत किंवा तुटक रांगेत, त्यांच्या आजूबाजूला बारीक छिद्रांचा शिडकावा. बोट फिरवलं तर बारीक उंचवटे जाणवतात. पातळ असूनही ताणलं तर दाद देत नाही.

मेंढी : छिद्रं बारीक आणि पुंजक्यांत, पृष्ठभाग गुळगुळीत, स्पर्श स्पंजासारखा. कातड्याच्या मधल्या थरात चरबी भरपूर असते. कमावताना ती निघून गेली की तिथे पोकळी राहते. म्हणून वरचा थर सुटतो आणि चिमटीत धरला तर सैल सुरकुत्या पडतात. मेंढीच्या जॅकेटचे कोपरे काही वर्षांत सोलवटतात ते यामुळेच, शिलाई वाईट असते म्हणून नाही.

हात बसावा म्हणून धारावीतल्या किंवा आपल्या शहरातल्या चामड्याच्या दुकानातून गाय, म्हैस, बोकड आणि मेंढीचे हातरुमालाएवढे तुकडे मागून आणा. चामडं चौरस फुटावर विकतात, कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. प्रत्येकाच्या मागे पेनाने नाव लिहून ठेवा. शंकेची वस्तू आणि हे तुकडे शेजारी ठेवून बघण्याला पर्याय नाही. चित्रं बघून नजर तयार होत नाही.

पायरी ५ : काठ बघा, मग कातडं की प्लास्टिक ते ठरवा

छिद्रं दिसली नाहीत तर कापलेला काठ बघा. कातड्याचा काठ तंतूंचा, खरखरीत असतो आणि वरून खाली तंतूंची जाडी बदलत जाते. रेक्झिनच्या काठावर दोन वेगळे थर दिसतात, वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली कापड. काठ दुमडून शिवला असेल किंवा रंगाने बंद केला असेल तर पट्ट्याच्या भोकात, बॅगेच्या आतल्या शिवणीत, बुटाच्या जिभेच्या टोकाला बघा.

पाण्याचा थेंब टाकून बघायची युक्ती सर्रास सांगितली जाते. लेप नसलेलं चामडं पाणी शोषतं हे खरं, पण लेप दिलेलं खरं चामडंही पाणी शोषत नाही. त्यामुळे थेंब जिरला तरच काही कळतं. नाही जिरला तर काहीच कळत नाही.

जाळून बघायचंच असेल तर आतल्या शिवणीतून दोन-तीन मिलिमीटरचा धागाभर तुकडा कापा, चिमट्यात धरा, खिडकी उघडी ठेवा. कातडं केस जळल्याचा वास देतं, आक्रसतं आणि त्याची राख चुरडते. प्लास्टिक वितळतं, थेंब होतो, तो गार झाल्यावर टणक होतो. यातून कातडं आहे की नाही एवढंच कळतं. कोणत्या प्राण्याचं ते वासावरून सांगता येत नाही, आणि बॉन्डेड लेदरही केसांचाच वास देतं.

पायरी ६ : परदेशी पाकिटं आणि कायद्याची रेषा

‘ईल स्किन’ म्हणून कोरियातून आलेली मऊ, चकचकीत पाकिटं ईलची नसतात, हॅगफिश नावाच्या जबडा नसलेल्या समुद्री प्राण्याची असतात. अरुंद पट्ट्या शेजारीशेजारी शिवलेल्या आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावर एक रेघ, ही ओळख. थायलंडहून आणलेलं बारीक मणी जडवल्यासारखं कडक पाकीट स्टिंग रे, म्हणजे पाकट माशाचं. मधोमध पांढऱ्या मोठ्या मण्यांचा ठिपका किंवा ओळ असते. शहामृगाच्या चामड्यावर पिसं उपटलेल्या जागी फुगीर गाठी असतात. ‘कॉर्डोव्हन’ घोड्याच्या पार्श्वभागाच्या कातड्यातल्या आतल्या थरातून निघतं, म्हणून त्यावर छिद्रं नसतात आणि वाकवल्यावर बारीक सुरकुत्यांऐवजी रुंद लाटा उठतात.

फुटबॉलच्या बुटांवर ‘के-लेदर’ असेल तर तो कांगारू. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर असतात, म्हणून फार पातळ कापूनही ते फाटत नाही. खेळाडूंना त्याचं आकर्षण त्यामुळेच. २०२३ मध्ये नायकी आणि पुमा यांनी कांगारूचं चामडं थांबवायचं जाहीर केलं, पण जुना साठा आणि सेकंडहँड जोड बाजारात आहेत.

आता कायदा. मगर, अजगर आणि घोरपड हे तिन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या कातड्याच्या वस्तूंचा व्यापार गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेपर्यंत जाते. परदेशातून हौसेने आणलेला मगरीचा पट्टाही परवान्याविना विमानतळावर अडकू शकतो, कारण या प्राण्यांच्या व्यापारावर साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो.

छाप की खरं, हे असं बघा. खऱ्या सापाच्या खवल्याची मागची कड नखाने किंचित उचलली जाते. छापात ती चिकटलेली असते. मगरीच्या खवल्यांवर बारीक टिंबासारखा एकेक खळगा असतो. अमेरिकन ॲलिगेटरच्या अंगावर तो नसतो. छापलेल्या खवल्यांमधल्या रेघा सारख्याच खोल असतात, खऱ्यात त्या कमीजास्त.

गोव्यातल्या घुमटाबद्दल वेगळं सांगायला हवं. मातीच्या या वाद्यावर परंपरेने घोरपडीचं कातडं ताणत. आज ते बेकायदा आहे आणि घुमट बोकडाच्या कातड्याने मढवतात. दक्षिणेतल्या खंजिरीचीही हीच कथा. जुनं वाद्य विकत घेताना कातड्यावर मण्यांसारखे बारीक, गोल खवले ओळीने दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा. नाद वेगळा पडतो अशी तक्रार होते, पण चांगला कारागीर बोकडाच्या कातड्याची जाडी निवडून त्यातून उत्तम काम काढतो, आणि घोरपड जिवंत राहणं हे नादापेक्षा मोठं आहे.

पायरी ७ : विचारताना भाग तोडून विचारा

“हे कशाचं आहे?” असं विचारलं की “ओरिजिनल लेदर” असं उत्तर येतं. त्याऐवजी चार प्रश्न करा : वरचं कोणाचं? अस्तर कोणाचं? आतला सोल कोणाचा? काठाची पट्टी कोणाची? ऑनलाइन घेत असाल तर हेच प्रश्न ग्राहकसेवेला ईमेलने पाठवा, फोनवर नको. “डुकराचं चामडं कुठल्याही भागात, अस्तरासह, वापरलेलं नाही, असं लेखी कळवा” हे वाक्य उपयोगी पडतं. पुरवठादाराला विचारून सांगतो म्हणणारी कंपनी लगेच ‘नाही’ म्हणणाऱ्या कंपनीपेक्षा विश्वासार्ह.

कोल्हापुरी चप्पल थेट कारागिराकडून घेत असाल तर उत्तर सरळ मिळतं. तळ सहसा म्हशीच्या जाड चामड्याचा, वरचे पट्टे आणि वेणी बोकडाच्या किंवा इतर मऊ चामड्याची, कमावणं हिरडा आणि बाभळीच्या सालीत. महाराष्ट्रात गाय पूर्वीपासून आणि बैल २०१५ पासून कत्तलबंदीखाली आहेत, म्हशीला ही बंदी लागू नाही. तरी नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचं किंवा परराज्यातून आलेलं चामडं वापरात असतं, म्हणून राज्यावरून प्राणी गृहीत धरू नका, विचारा.

कुठलंच कातडं नको असणाऱ्यांनी चिकटवायच्या पदार्थाचाही प्रश्न करावा. सरस हा कातड्याच्या कापांपासून आणि हाडांपासून उकळून काढतात. जुनं फर्निचर आणि तंतुवाद्यं यांत तो असतो. ‘व्हीगन लेदर’ या नावाखाली बहुधा पीयू किंवा पीव्हीसी असतं, काहींत अननसाच्या पानांचे किंवा इतर वनस्पतींचे तंतू मिसळलेले.

व्यापारी, निर्यातदार किंवा ज्यांचा मोठा व्यवहार अडला आहे त्यांनी प्रयोगशाळा गाठावी. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या क्षेत्रात आहे. नमुना देताना वरचा भाग आणि अस्तर वेगळ्या पाकिटांत, नाव लिहून द्या, नाहीतर एकच निकाल हाती येतो. चुना, आम्ल आणि क्रोमियम यांमुळे कमावलेल्या कातड्यातला डीएनए तुटतो, म्हणून डीएनए चाचणी कधी निष्फळ ठरते. कोलॅजन या प्रथिनाच्या तुकड्यांवरून केलेली ओळख अशा वेळी जास्त टिकते. कोणती पद्धत वापरणार ते पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

लेखी उत्तर एक आणि माल दुसरा निघाला तर बिल, ईमेल आणि छिद्रं दिसतील असा जवळून काढलेला फोटो एकत्र ठेवा, विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा. वस्तू तोवर वापरू नका. वापरलेला बूट परत घ्यायला दुकानदार नकार देतात आणि तक्रार तिथेच लंगडी पडते.